प्रश्न सापडल्याशिवाय आराखडा लिहू नये

पीएच.डी. प्रवेशाचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. या वेळी बडोद्याहून आलेली बहुतेक पत्रे कलाविषयक संशोधनाच्या आराखड्याविषयी, म्हणजे विद्यापीठात ज्याला सर्रास ‘सिनॉप्सिस’ म्हणतात त्याविषयी आहेत. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून गाळली आहेत.

प्रश्न : मी बडोद्यातील एका शाळेत गेली अठरा वर्षे चित्रकला शिकवते. पदव्युत्तर पदवी लग्नापूर्वी घेतली होती. आता मुले मोठी झाल्यामुळे पीएच.डी. करण्याची इच्छा आहे. ‘बडोद्यातील भित्तिचित्रकलेचा चिकित्सक अभ्यास’ असा विषय घेऊन मी चौदा पानांचा आराखडा तयार केला. त्यात गायकवाड घराण्याचा इतिहास, तांबेकर वाडा, कीर्तिमंदिर, लक्ष्मीविलास राजवाड्यातील राजा रविवर्मा यांची चित्रे आणि ललितकला विद्याशाखेची परंपरा असे सर्व आले आहे. एका ज्येष्ठ प्राध्यापकांना तो दाखवला, तेव्हा ‘माहिती चांगली आहे, पण यात संशोधन कुठे आहे?’ एवढेच ते म्हणाले. नेमके काय चुकले? आराखड्याची प्रत सोबत जोडली आहे. (एक वाचिका, दांडिया बाजार)

उत्तर : आपला आराखडा मी दोनदा वाचला. माहितीत खोट काढावी असे फारसे काही नाही, भाषा स्वच्छ आहे, आणि तांबेकर वाड्याविषयीची पाने वाचताना आपण त्या माडीवर अनेकदा जाऊन भिंतींसमोर उभ्या राहिल्या आहात हे लक्षात येते. तरीही प्राध्यापक महोदयांचा प्रश्न रास्त आहे. चौदा पानांत एकही प्रश्नचिन्ह नाही, आणि हा केवळ विरामचिन्हांचा मुद्दा नाही.

भित्तिचित्रे हा झाला विषय. विषयावर ग्रंथ लिहिता येतो, व्याख्याने देता येतात, दिवाळी अंकासाठी सचित्र लेख सिद्ध करता येतो. पीएच.डी.साठी मात्र त्या विषयातील अशी एखादी गोष्ट हाती धरावी लागते, जी आज कोणालाच नीट ठाऊक नाही, जी ठाऊक झाल्याने आधीच्या समजुतीत काही फरक पडेल आणि जिच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग आपल्या आवाक्यातला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीत मुलाखतीच्या वेळी पाहावयाच्या तीन बाबी दिल्या होत्या : उमेदवाराची त्या कामासाठी पात्रता आहे का, ते काम त्या संस्थेत होऊ शकते का, आणि त्यातून ज्ञानात नवी भर पडेल का. नियम पुढे बदलले, तरी समितीतील मंडळींच्या मनात आजही हेच तीन प्रश्न असतात. आपला आराखडा पहिल्याला उत्तम उत्तर देतो, दुसऱ्याला अर्धवट देतो आणि तिसऱ्याला मुळीच देत नाही.

आता पानांकडे वळू. पहिली साडेचार पाने पिलाजीरावांपासून तिसऱ्या सयाजीरावांपर्यंतच्या इतिहासाला गेली आहेत. ती काढून टाकावीत. समितीतील कोणालाही तो इतिहास आपल्याकडून शिकायचा नसतो, आणि पाचव्या पानावर पोहोचेपर्यंत त्यांचा चहा निवलेला असतो. रविवर्म्यांचा भागही काढावा लागेल, कारण राजवाड्यातील ती पौराणिक चित्रे कॅनव्हासवरील तैलचित्रे आहेत. भिंतीवर टांगलेले चित्र भित्तिचित्र ठरत नाही, हे आपण वर्गात मुलांना सांगतच असाल. ‘बडोद्यातील’ या एका शब्दाने जे जे कवेत आले ते सर्व आपण घेतले. शीर्षक रुंद असले की असे होते.

उद्दिष्टांच्या यादीत ‘अभ्यास करणे’, ‘आढावा घेणे’, ‘महत्त्व विशद करणे’, ‘प्रकाश टाकणे’ अशी क्रियापदे आहेत. यांतील कोणतेही काम पूर्ण झाले की नाही हे कोणालाच ठरवता येणार नाही. प्रकाश किती टाकला म्हणजे पुरे? त्याऐवजी ‘नोंदवणे’, ‘तुलना करणे’, ‘कालक्रम लावणे’, ‘अमुक मत तपासणे’ अशी क्रियापदे वापरून पाहावीत. ती वापरताच पुढे काहीतरी ठोस लिहावे लागते आणि ते सुचत नसेल तर उद्दिष्टच पोकळ होते हे आपले आपल्यालाच कळते.

प्रश्न कसा काढावा हे सांगण्यापेक्षा आपल्याच सामग्रीतून दोन काढून दाखवतो. दिवाण भाऊ तांबेकरांच्या वाड्यातील एकोणिसाव्या शतकातल्या भिंतींवर कृष्णचरित्र आहे, महाभारतातील प्रसंग आहेत आणि त्यांच्याच शेजारी युरोपीय वेशातील माणसेही आहेत. आपण याला ‘विविध विषयांचा सुरेख संगम’ म्हटले आहे. संगम म्हटले की विचार थांबतो. याउलट असे विचारावे : कोणता विषय कोणत्या दालनात आहे? ज्या दालनात बाहेरची माणसे, सावकार, कारभारी येऊन बसत, तेथील भिंती आणि घरच्या मंडळींच्या वावरातील भिंती यांवरील विषयांत काही फरक दिसतो का? दिसत असेल, तर चित्रांची योजना खोलीच्या वापराला धरून झाली असे म्हणता येईल. दिसत नसेल, तर चित्रकारांनी आपल्या हाताशी असलेले नमुने जागा मिळेल तसे वापरले अशी शक्यता बळावेल. दोन्ही उत्तरे उपयोगाची आहेत, आणि आधीपासून उत्तर ठरलेले नाही. संशोधनाचा प्रश्न ओळखण्याची माझी खूण हीच आहे की, उत्तर उलटे आले तरी प्रबंध वाया जात नाही.

दुसरा प्रश्न कीर्तिमंदिराचा. गायकवाड घराण्याच्या या स्मारकात शांतिनिकेतनच्या नंदलाल बसूंनी १९३९ ते १९४६ या काळात भिंती रंगवल्या. १९५० मध्ये येथे ललितकला विद्याशाखा सुरू झाली आणि लवकरच शंखो चौधरी, के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे शांतिनिकेतनात घडलेले कलावंत तेथे शिकवू लागले. आपण लिहिले आहे की, ‘कीर्तिमंदिरातील चित्रांमुळे बडोद्यात आधुनिक भित्तिचित्राची परंपरा रुजली.’ हे वाक्य वाचायला गोड आहे, पण पुराव्याशिवाय तो काकतालीय न्याय ठरेल. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असेल. त्या काळच्या विद्यार्थ्यांना कीर्तिमंदिर दाखवायला नेले जाई का, वर्गात त्याची चर्चा होई का, विद्यार्थ्यांच्या रेखाटनवह्यांत त्याच्या नकला सापडतात का, हे तपासता आले तर आपले वाक्य सिद्ध होईल किंवा कोसळेल. ते कोसळले तर मला अधिक आनंद होईल, कारण मग ती परंपरा कोठून आली हा खरा प्रश्न उभा राहील.

यांपैकी एकच प्रश्न निवडावा. दोन्ही घेण्याचा मोह आपल्याला होणार, हे आराखड्याच्या स्वभावावरून मला दिसते आहे. माझा कौल तांबेकर वाड्याला आहे; आपली नजर तेथे अधिक तयार आहे.

संशोधनपद्धती म्हणून आपण ‘वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला जाईल’ असे एक वाक्य लिहून पुढे गेला आहात. येथे निदान दीड पान हवे. वाड्याचा तलविन्यास काढून प्रत्येक भिंतीला क्रमांक देणार का, प्रत्येक चित्रचौकटीची नोंद कोणत्या रकान्यांत करणार, खराब झालेल्या भागांचे काय करणार, आणि खोल्यांचा वापर कशावरून ठरवणार, हे सांगायला हवे. यांतील शेवटचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. वाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. म्हणून पद्धतशीर छायाचित्रणासाठी आणि मोजमापांसाठी परवानगी केव्हा व कशी मागणार याचा उल्लेख आराखड्यातच असावा. ‘रंगद्रव्यांचे रासायनिक विश्लेषण’ असा एक मुद्दा आपण शेवटी घातला आहे. प्रयोगशाळा कोणती, नमुना खरवडण्याची अनुमती कोण देणार, खर्च कोणाचा? याची उत्तरे नसतील तर तो मुद्दा गाळावा. आराखडा ही हातउसन्याची चिठ्ठी आहे. तीत जेवढे लिहाल तेवढे फेडावे लागते.

आणखी एक गोष्ट, जी आपण कोठेच नोंदवलेली नाही. त्या काळातील बडोदे संस्थानच्या दप्तराचा मोठा भाग मोडी लिपीत आहे. खोल्यांचा वापर, कारागिरांना दिलेली रक्कम, वाड्याची दुरुस्ती असे काही कागदांत मिळण्याची आशा धरायची असेल, तर मोडी वाचता येणे आवश्यक आहे. येत असेल तर ते ठळकपणे लिहा, कारण ती आपली मोठी जमेची बाजू ठरेल. येत नसेल तर पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकात मोडी शिकण्यासाठी महिने राखून ठेवा. ‘आवश्यकतेनुसार जाणकारांची मदत घेतली जाईल’ हे वाक्य समिती हसून सोडून देते. माझ्या स्वतःच्या पहिल्या आराखड्यात ते होते. मार्गदर्शकांनी समासात शिसपेन्सिलीने ‘म्हणजे तुम्ही काय करणार?’ असे लिहून तो परत केला होता.

राहिला प्रकरणांचा आराखडा. तो तात्पुरता असतो हे सर्वांना ठाऊक आहे, त्यावर रात्री जागवू नयेत. संदर्भसूचीत मात्र प्रत्यक्ष वाचलेलीच पुस्तके द्यावीत. मुलाखतीत यादीतील नेमके न वाचलेले पुस्तकच विचारले जाते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : मी चित्रकार आहे. शहरातील पाडल्या जाणाऱ्या जुन्या लाकडी घरांवर गेली काही वर्षे चित्रमालिका करत आहे. माझी चित्रे हाच माझा प्रबंध, असे आराखड्यात मांडता येईल का? (एक वाचक, रावपुरा)

उत्तर : मांडता येईल, पण आपण म्हणता तितक्या थेटपणे नाही. ब्रिटिश अभ्यासक क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये कलेच्या संदर्भातील संशोधनाचे तीन प्रकार सांगितले : कलेविषयीचे संशोधन, कलेच्या द्वारे केलेले संशोधन आणि कलेसाठी केलेले संशोधन. पहिल्यात कलेचा इतिहास, सौंदर्यविचार इत्यादी येते. आपल्याकडचे बहुतेक प्रबंध याच प्रकारचे असतात. दुसऱ्यात एखादे माध्यम किंवा प्रक्रिया हाताळून पाहत, प्रयोगांची टिपणे ठेवत काही शोधले जाते. तिसऱ्या प्रकारात विचार अंतिम कलाकृतीत सामावलेला असतो, आणि फ्रेलिंग यांनाही तोच सर्वांत अवघड वाटला होता, कारण त्यातून मिळालेले ज्ञान दुसऱ्यापर्यंत शब्दांतून पोहोचवणे हा तेथे मुख्य हेतूच नसतो.

आपण स्वतःला दुसऱ्या प्रकारात बसवावे असे मला वाटते. चित्र उत्तम असणे आणि चित्रातून काही कळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. समिती चित्राला गुण देण्यासाठी बसलेली नसते. ही चित्रे न काढता, नुसती घरे पाहून, छायाचित्रे घेऊन आणि रहिवाशांशी बोलून जे कळले नसते असे काय कळणार आहे, हे तिला विचारायचे असते. उदाहरणार्थ, घर पाडले जात असताना जागेवर बसून काढलेले चित्र आणि ते नाहीसे झाल्यावर आठवणीतून काढलेले चित्र यांत काय टिकते आणि काय गळते, हा प्रश्न चित्र काढूनच सोडवता येतो. त्यासाठी दिनांकासह रोजनिशी, फसलेली चित्रे, टाकून दिलेले कागद, सगळे जपून ठेवावे लागेल. कलावंताला फसलेले काम दाखवायला आवडत नाही. संशोधकाला ते दाखवावेच लागते. हा बदल मनाला पटत नसेल, तर पीएच.डी. न करता चित्रेच काढत राहणे अधिक चांगले, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही.

आराखड्यात परीक्षक चित्रे कोठे व केव्हा पाहतील, प्रदर्शन संपल्यावर काय शिल्लक राहील आणि लिखित भाग किती असेल हे स्पष्ट लिहावे. अशा स्वरूपाचा प्रबंध चालतो की नाही हे प्रत्येक विद्यापीठाच्या नियमांवर अवलंबून असते. म्हणून विभागात जाऊन लेखी नियम पाहिल्याशिवाय एक ओळही लिहू नये. येथील ललितकला विद्याशाखेत चित्र काढणे आणि कलेतिहास शिकणे सुरुवातीपासून एकाच आवारात चालत आले आहे, त्यामुळे दोन्हीकडच्या अध्यापकांशी बोलणे आपल्याला सोपे जाईल.

प्रश्न : माझे पणजोबा संस्थानच्या कलावंत कारखान्यात, म्हणजे दरबारी गायक-वादकांच्या खात्यात, नोकरीला होते. त्यांच्या हाताने लिहिलेल्या बंदिशींच्या अकरा वह्या घरी आहेत. यावर संगीतात पीएच.डी. करावी असे गुरुजी म्हणतात. ‘अप्रकाशित बंदिशींचे संकलन’ हा विषय पुरेसा आहे का? (एक वाचक, वाडी)

उत्तर : संकलन हे पुण्यकर्म आहे आणि ते अवश्य करावे, पण प्रबंध म्हणून ते पुरेसे नाही. आपल्याकडे मात्र प्रश्न आयता वह्यांतच असण्याचा संभव आहे. बडोद्यात १८८६ मध्ये दरबारी गायक मौलाबक्ष यांच्या नेतृत्वाखाली संस्थानची गायनशाळा सुरू झाली आणि त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती वापरून पाठ्यपुस्तके केली. पुढे १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यातच भरली, तिच्यामागे पंडित भातखंडे होते आणि त्यांची लेखनपद्धती त्यानंतर दूरवर पसरली. आपल्या वह्यांवर तारखा असतील, तर पणजोबांनी स्वर कोणत्या पद्धतीने लिहिले, ती पद्धत मध्येच बदलली का, आणि मुळात ते स्वर लिहीत होते की केवळ शब्द, हे पाहता येईल. दरबारी गवई मंडळींवर शाळेच्या लेखनपद्धतीचा खरोखर किती परिणाम झाला हे एका माणसाच्या वह्यांवरून तपासणे, हा लहान पण भक्कम प्रश्न आहे. वह्यांत तारखा नसतील, तर आधी कागद, शाई आणि हस्ताक्षर यांवरून क्रम लावता येतो का ते पाहावे, आणि नंतरच विषय ठरवावा.

घरची सामग्री वापरताना दोन गोष्टी आराखड्यात आधीच सांगून टाकाव्यात. वह्यांवर चुलत भावंडांचाही हक्क असेल, तर त्यांची लेखी संमती घेतल्याचे नमूद करावे. आणि आपण पणतू आहात, हेही उघड लिहावे. पणजोबांच्या बंदिशी सामान्य दर्जाच्या निघाल्या तर तसे लिहिण्याची आपली तयारी आहे का, असा प्रश्न मुलाखतीत कोणीतरी विचारीलच. उत्तर घरी ठरवून जावे.

प्रश्न : ‘या विषयावर आजवर कोणीही काम केलेले नाही’ असे आराखड्यात लिहिल्यास विषयाचे वजन वाढते का? (एक विद्यार्थिनी, फतेहगंज)

उत्तर : नाही, उलट ते वाक्य वाचताच परीक्षक ते खोटे ठरवण्याच्या मागे लागतो आणि बहुधा त्याला यश येते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संग्रहात देशभरच्या विद्यापीठांतील प्रबंध पाहता येतात, आणि ‘शोधगंगोत्री’मध्ये मान्य झालेले आराखडेही असतात. तेथे मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा चारही भाषांतील शब्द घालून शोध घ्यावा. बडोद्याविषयीचे काम या चारांपैकी कोणत्याही भाषेत सापडू शकते. मग जे सापडेल त्यातील तीन-चार कामे नीट वाचून, ती कोठवर आली आणि कोठे थांबली हे लिहावे. ‘अमुक यांनी चित्रांचे विषय नोंदवले, परंतु स्थानाचा विचार केला नाही’ असे एक नेमके वाक्य ‘कोणीही काम केलेले नाही’ यापेक्षा कितीतरी जड असते. आणि खरोखरच कोणी काम केले नसेल, तर का केले नसेल याचाही विचार करावा. कधी कधी साधने नसतात म्हणूनच कोणी त्या वाटेला गेलेले नसते.

प्रश्न : नोकरी सांभाळून पीएच.डी. किती वर्षांत होते? शिवाय एक गृहस्थ ठराविक रक्कम घेऊन आराखडा लिहून देतात, त्यात गैर काय? (एक वाचक, मांजलपूर)

उत्तर : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार कोर्सवर्क (सुरुवातीचा सक्तीचा अभ्यासक्रम) धरून किमान तीन वर्षे आणि कमाल सहा वर्षे, पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिलांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना यावर आणखी दोन वर्षांची सवलत देता येते. नोकरीतील व्यक्तीला अर्धवेळ पीएच.डी. करता येते, मात्र संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि कोर्सवर्कसाठी गरज पडल्यास मोकळे करण्याची हमीही त्यात असावी लागते. आराखड्यातील वेळापत्रक या मर्यादेत बसवावे; दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुट्टीत किती काम होईल याचा अंदाज नेहमी निम्मा करून लिहावा.

लिहून देणाऱ्या गृहस्थांविषयी नैतिक उपदेश करत नाही, व्यवहाराचे सांगतो. नोंदणी झाल्यावर संशोधन सल्लागार समिती आराखडा तपासून विषय निश्चित करते आणि त्यानंतर दर सत्रात आपल्याला तिच्यापुढे उभे राहून प्रगती सांगावी लागते. असा एक आराखडा मी समितीत बसून ऐकला आहे. उमेदवाराने शीर्षकात ‘उत्तर-वासाहतिक दृष्टिकोन’, म्हणजे वसाहतींच्या काळानंतरचा दृष्टिकोन, असे शब्द वापरले होते. शेजारी बसलेल्या बाईंनी अगदी सौम्यपणे विचारले, ‘यातला “उत्तर” म्हणजे दिशा का हो?’ उमेदवाराने थोडा विचार करून होकार दिला.